वासाचं नाव

साखळी सोडून केरीच्या रस्त्याला लागलात
की डावीकडे टायरांची कमान दिसेल. ते माझं गॅरेज.
बोर्डावर शंभा मिस्त्री. रंग उडालाय, नाव वाचता येतं.

चोर्ला चढून बेळगावला जाणारे
जानेवारीत माझ्याकडे थांबतात.
गोव्यात अकरा महिने कुणाला आठवतही नाही
की गाडीला हीटर असतो.
घाटात धुकं लागतं, बोटं गारठतात,
मग कुणीतरी ती कळ लाल खुणेकडे फिरवतं
आणि गाडीच्या पोटातलं वर्षभराचं बाहेर येतं.

मी विचारतो, कसला वास? नाव सांगा.
'घाण' हे नाव नव्हे.

ओल्या मोज्याचा म्हणालात, तर फिल्टरात पाला कुजलाय,
नाहीतर पाणी जायच्या नळीत कुंभारमाशीनं घर बांधलंय.
केस जळल्यासारखा, तर उंदरानं ब्लोअरवर संसार मांडलाय:
कापूस, काजूची सालं, विम्याच्या कागदाचा कोपरा.
आणि नुसतंच नाक धरून कुणी उतरलं
तर तो उंदीर संसारातून सुटलेला असतो.
त्याला चिमट्यानं काढायचं काम प्रजोतचं.
पोरगा शिकतोय. आणि त्याला नाक आहे.

मला नाही.
तीन वर्षांपूर्वी तापात गेलं, ताप गेला, ते आलं नाही.
मिस्त्रीनं हे सांगायचं म्हणजे
सोनारानं कसोटी हरवली म्हणायचं.
म्हणून मी नाव विचारतो.
लोकांना वाटतं, ही माझी पद्धत.

मंगळवारी अस्नोड्याची इश्पेरांस सिस्टर आली,
हॉस्पिटलातून निवृत्त, गाडी तिच्याइतकीच टापटिपीची.
म्हणाली, "शंभा, आत कुणीतरी दोदोल ढवळतंय.
गूळ पाकाला आला की येतो, तसा. पण खाली कसलं तरी औषध."

मी पायाखालची चटई उचलली. ओली.
बोटांत चोळलं, चिकट.
काचेला आतून तेलकट धूसर, पुसली तरी परत येणारी.
टाकीतलं हिरवं पाणी खुणेच्या चार बोटं खाली.
"हीटरची जाळी फुटलीय, कूलंट झिरपतंय.
जीभ लावू नका, गोड विष आहे, कुत्री मरतात त्यानं."
"जीभ कोण लावतंय? चाळीस वर्षं वॉर्डात काढली,
तोंडाला गोड वास आलेला पेशंट मी ओळखते."

नवी जाळी म्हापशाहून यायला दोन दिवस,
बसवायला अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा.
आज इतकंच: इंजिनाकडचे दोन पाइप
पितळी नळीनं एकमेकांना जोडले, क्लिपा आवळल्या,
हीटरला वाटेतून वगळला.
"घाटात शाल घ्या," म्हटलं.

तिनं इंजिन चालू केलं, पंखा पूर्ण सोडला.
"आता?"
"तुम्हीच सांगा."
"गोड गेला." मग थांबून, "पण जळतंय काहीतरी."

मी फ्यूज पाहिला. ब्लोअरच्या वायरीला हात लावला, थंड.
पट्टा पाहिला, क्लच पाहिला,
प्रजोत नेमका म्हापशाला गेलेला.
"कसला जळका? रबर? तेल? नाव सांगा, सिस्टर, नाव."
तिनं खिडकीतून मान बाहेर काढली, कोंबडीसारखी वळवली.
"भात."

गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून माझी खोली.

मी पाना हातात घेऊनच धावलो.
ती माझ्या मागून आली, फ्रॉकच्या घेरात धरून टोप उतरवला,
गॅस बंद केला, खिडकी उघडली,
आणि छतापर्यंत साचलेल्या धुराकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.
दहा पावलांवर होतो मी, सबंध वेळ.

"कधीपासून?" तिनं विचारलं, वॉर्डातल्या आवाजात.
"तीन वर्षं."

ती काही बोलली नाही.
डाव शोधला, वरचा थर अलगद काढला ताटलीत,
एक शीत दाबलं, वास घेतला, माझ्यासमोर ठेवलं.
"वरचा खाण्यासारखा आहे," म्हणाली.

असेल.
मी खाल्ला.